औषध देऊनही कुत्र्याच्या अंगावर गोचिडी पुन्हा पुन्हा का येतात?

दर महिन्याला न चुकता औषध लावले, गळ्यात गोचिडींचा पट्टा घातला, आठवड्यातून एकदा आंघोळ घातली, तरीही पंधरा-वीस दिवसांत कानाच्या पाळीमागे किंवा पंजाच्या बेचक्यात पुन्हा गोचीड सापडते, ही तक्रार कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत पावसाळा लागला की सुरू होते. औषध बोगस निघाले असे समजून मग दुसरे आणले जाते, ते संपले की तिसरे, आणि या फेऱ्यात एखाद्या दिवशी कुत्रा खाणे सोडतो व रक्त तपासल्यावर गोचीडताप निघतो. आमच्या घरात हे सलग दोन वर्षे झाले. तिसऱ्या वर्षी ते थांबले, आणि त्यासाठी आम्हाला औषधापेक्षा आमच्या घराच्या भिंती आणि चौकटी जास्त बारकाईने तपासाव्या लागल्या. तो सगळा क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

आमची मैना ही तांबूस रंगाची, सोळा किलो वजनाची गावठी कुत्री आहे. कराडजवळच्या आमच्या जुन्या घराला दगडी जोते, सागवानी चौकटी आणि पुढे पत्र्याची पडवी आहे, आणि पडवीत दाराला लागून घातलेले गोणपाट ही तिची झोपायची जागा होती. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एके सकाळी तिने भाकरी नुसती हुंगून सोडली. दुपारपर्यंत ती जागेवरून उठली नाही, आणि संध्याकाळी पायरीवर रक्ताचे जे दोन थेंब दिसले ते तिच्या नाकातून गळलेले आहेत, हे तिचे तोंड हातात धरून पाहिल्यावर कळले. रक्ततपासणीत प्लेटलेट ३८ हजार निघाल्या. निरोगी कुत्र्याच्या रक्तात त्या साधारण २ लाखांपासून ५ लाखांपर्यंत असतात. त्या महिन्यातही तिच्या मानेवर औषध घातलेले होते आणि त्याची तारीख वहीत लिहिलेली होती, म्हणूनच आम्ही जास्त गोंधळून गेलो.

गोचीड राहते कोठे

गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहते, ही आपली समजूतच मुळात अपुरी आहे. आपल्याकडे घरोघरच्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड आढळते, ती आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढते आणि तिन्ही वेळा पोटभर रक्त पिऊन खाली उतरते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू इतके बारीक असते की नाचणीचा दाणाही त्याच्यापुढे मोठा वाटावा. ते काही दिवस रक्त पिते, गळून पडते, फटीत जाऊन कात टाकते आणि आठ पायांचे होऊन पुन्हा वर चढते. हेच आणखी एकदा घडल्यावर ती पूर्ण वाढीची गोचीड होते. मादी साधारण आठवडाभर रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगते, करडी पडते, खाली उतरते आणि एखाद्या कोरड्या, अंधाऱ्या सांदीत हजारो अंडी घालून मरते. एका मादीची अंडी चार हजारांच्या घरात सहज जातात.

उबदार हवेत हे सगळे चक्र दोन ते तीन महिन्यांत पूर्ण होते, आणि त्यातले कुत्र्याच्या अंगावरचे दिवस मोजले तर ते जेमतेम दोन-तीन आठवडे भरतात. बाकी सारा काळ गोचीड भिंतीत, चौकटीत, फरशीच्या सांध्यात, पलंगाच्या खाचेत असते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर आपल्याला दिसतात त्या घरातल्या एकूण गोचिडींपैकी अगदी थोड्या असतात. पूर्ण वाढीची गोचीड रक्ताशिवाय कित्येक महिने, कधी कधी वर्षाहूनही अधिक काळ तग धरते, त्यामुळे उन्हाळ्यात एकही दिसली नाही म्हणून घर स्वच्छ झाले असे धरता येत नाही.

शेजारच्या तात्यांच्या दोन म्हशी आहेत. त्यांचे ठाम मत होते, "अहो, गोठ्यातनंच चढतात या, तुम्ही औषध कितीही घाला." आम्हीही पहिले वर्षभर हेच धरून बसलो, मैनेला गोठ्याकडे जाऊ दिले नाही आणि अंगणातले गवत दोनदा कापून घेतले. गुराढोरांवर प्रामुख्याने आढळणारी गोचीड वेगळ्या जातीची असते. ती पिल्लावस्थेपासून शेवटपर्यंत एकाच जनावरावर राहते आणि तिला गुरेच पसंत असतात. कुत्र्याची तपकिरी गोचीड ओल्या गवतापेक्षा कोरडा आडोसा शोधते. गवत कापण्यात वाईट काही नाही, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. शहरात चौथ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत, जेथे गवताचे पाते नाही, तेथेही गोचिडींचा सुळसुळाट होतो, तो याच कारणाने.

येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत माणसांना होणारा माकडताप रानातल्या वेगळ्या गोचिडीमुळे पसरतो. तो आजार प्रथम १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. त्या पट्ट्यात कुत्रा रानात जात असेल, काजूच्या बागेत मोकळा फिरत असेल, तर तो बाहेरच्या गोचिडी अंगावर घेऊन घरात येऊ शकतो. तेथे घराच्या फटी बुजवणे पुरेसे नाही. कुत्र्याला रानात मोकळे सोडू नये, आणि त्याच्या अंगावरची गोचीड उघड्या हाताने मुळीच काढू नये.

औषध चुकते आहे की घर, हे कसे ओळखावे

तिसऱ्या वर्षी आम्ही सर्वांत आधी केले ते एवढेच की सापडलेली प्रत्येक गोचीड फेकून देण्यापूर्वी नीट पाहिली. झाकणाच्या छोट्या बाटलीत थोडे स्पिरिट घेऊन ती त्यात टाकायची आणि वहीत तारीख, जागा व गोचीड चपटी होती की फुगलेली, जिवंत होती की मेलेली, एवढे लिहायचे. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. पोटात देण्याच्या गोळ्या असोत किंवा मानेवर घालायचे थेंब असोत, त्यांतील बहुतेक औषधे गोचिडीला अंगावर चढण्यापासून रोखत नाहीत. ती चढते, चावते, औषध तिच्या शरीरात जाते आणि मग एक-दोन दिवसांत ती मरते. म्हणून औषध चालू असलेल्या कुत्र्यावर लहान, चपट्या, वाळलेल्या किंवा सुस्त गोचिडी सापडत असतील तर औषध आपले काम करत आहे आणि घर मात्र नवनव्या गोचिडी पुरवत आहे, असे समजावे. टम्म फुगलेल्या जिवंत गोचिडी सापडत असतील तर औषध पोहोचतच नाही.

आमच्या वहीत पहिल्या पंधरवड्यात एकवीस नोंदी झाल्या आणि त्यांत दोन्ही प्रकार होते. म्हणजे चूक दोन्हीकडे होती.

औषधाची चूक शोधणे तुलनेने सोपे गेले. मानेवर घालायच्या थेंबांचे औषध केसांवर पडून उपयोग नसतो. केस बोटांनी दुभागून पांढरी त्वचा दिसली पाहिजे आणि थेंब त्या त्वचेवर पडले पाहिजेत. मी दोन वर्षे ते केसांवरून ओघळू देत होतो. दुसरे असे की औषधाच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ घालू नये, आणि आम्ही मात्र औषध लावले की दुसऱ्या दिवशी "आता मेलेल्या धुऊन निघतील" म्हणून साबण लावत होतो. फिप्रोनिलसारखी औषधे त्वचेवरील तेलकट थरात पसरून टिकतात, त्यामुळे दर आठवड्याला साबणाने अंग घासले की त्यांची मुदत आपोआप कमी होते. तिसरी चूक वजनाची होती. मैना लहान असताना ज्या वजनगटाचे औषध चालू केले तेच पुढे चालू राहिले, तिचे वजन मात्र सोळा किलो झाले होते.

अलीकडे अफोक्सोलॅनर, सारोलॅनर, फ्लुरालॅनर या औषधांच्या चघळण्याच्या गोळ्या मिळतात. पहिल्या दोहोंची मुदत साधारण महिन्याची आणि तिसऱ्याची साधारण तीन महिन्यांची असते. आंघोळीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, ही त्यांची मोठी सोय आहे. पण त्या महाग असल्यामुळे मोठ्या वजनाची एक गोळी आणून दोन कुत्र्यांत तोडून देण्याची पद्धत पडली आहे, आणि तुकड्यांत औषध समान असेलच याची खात्री नसल्याने ती चुकीची आहे. फ्लुरालॅनरची गोळी जेवणासोबत द्यावी, उपाशीपोटी दिली तर ती कमी शोषली जाते. ज्या कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील त्याच्या बाबतीत या गटातील कोणतीही गोळी पशुवैद्यकाला तो इतिहास सांगितल्याशिवाय देऊ नये. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना तर दुकानातून आणलेले कोणतेच औषध आपल्या मनाने देऊ नये. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी आणि रोजची तपासणी हाच सुरक्षित मार्ग आहे.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते. घरात दोन कुत्री असतील आणि औषध एकालाच दिले असेल, किंवा वाहनतळावर झोपणारी गल्लीतली कुत्री तशीच राहिली असतील, तर गोचिडींना जेवणाचे ताट वाढलेलेच असते. आम्ही आमच्या दारात बसणाऱ्या दोन भटक्या कुत्र्यांनाही पशुवैद्यकाला विचारून वजनाच्या अंदाजाने गोळी सुरू केली. त्याचा खर्च झाला, पण एका गोचीडतापाच्या उपचारापेक्षा तो कमीच होता.

चौकटीतला शोध

घर तपासायचे ठरले त्या रात्री वीज घालवून, हातात बॅटरी घेऊन मी मैनेच्या गोणपाटाशेजारी बसलो. साधारण पाऊण तासाने एक चपटी गोचीड दाराच्या चौकटीवरून सरळ वर चढताना दिसली. या गोचिडींना वर चढण्याची ओढ असते, त्यामुळे त्या जमिनीपेक्षा भिंतीच्या वरच्या कडेला, छताच्या सांध्यात, पडद्याच्या दांड्यामागे अधिक सापडतात, आणि आपण मात्र फरशी पुसत राहतो. ती जेथे नाहीशी झाली तेथे सागवान आणि गिलावा यांच्यामध्ये नखभर रुंदीची फट होती. करवतीचे जुने पाते आत घालून ओढले तेव्हा आधी कागदासारख्या पातळ, पोकळ काती बाहेर पडल्या, मग तीन-चार जिवंत गोचिडी, आणि शेवटी पात्याच्या टोकाला चिकटून तपकिरी, चकचकीत, खसखशीहून बारीक दाण्यांचा एक पुंजका आला. ती अंडी होती. हाताच्या पंजाएवढ्या लांबीच्या त्या फटीतून जे निघाले ते पाहून आम्ही दोन वर्षे मैनेच्या मानेवर काय ओतत होतो आणि तिला रोज रात्री कोठे झोपवत होतो, याचे फार वाईट वाटले.

पुढचा संपूर्ण आठवडा आम्ही तिच्या झोपण्याच्या जागेपासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने घर तपासले. कुत्रा जेथे जास्त वेळ झोपतो त्याच्या चारी बाजूंच्या दोन-तीन मीटरच्या टप्प्यात सर्वाधिक गोचिडी असतात, कारण पोट भरलेली गोचीड गळून पडते ती तेथेच. चपलांच्या मांडणीमागे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्यांत, विजेच्या पट्टीच्या मागे आणि पडवीच्या लाकडी वाशांच्या खाचांत त्या सापडल्या. गोणपाट जाळून टाकले. विणीच्या प्रत्येक छिद्रात पिल्ले लपू शकतात, म्हणून गोणपाट, जुनी सतरंजी, कापसाची गादी या वस्तू कुत्र्याच्या अंथरुणाला वापरूच नयेत, असे माझे आता स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जमिनीपासून वीतभर उंच, लोखंडी चौकटीची साधी खाट आणि तिच्यावर धुता येईल अशी जुनी चादर घातली. चादर दर तीन-चार दिवसांनी कडकडीत पाण्यात भिजवून उन्हात वाळवली जाते.

फटी आधी पात्याने आणि ताठ ब्रशने खरवडून, निघालेला चुरा साबणाच्या पाण्यात टाकून, मग त्यांत औषध फवारले आणि दोन दिवसांनी त्या सिमेंट व पुट्टीने बुजवल्या. कीडनियंत्रण करणाऱ्या माणसाला बोलावून फवारणी करून घेतली, तेव्हा पहिल्यांदा आलेल्याने फक्त फरशीच्या कडेने औषध मारले आणि काम झाले म्हणून सांगितले. दुसऱ्यांदा मी स्वतः सोबत राहून भिंतीच्या वरच्या कडा, चौकटी आणि वासे दाखवले. फवारणीचा परिणाम अंड्यांवर फारसा होत नाही, म्हणून ती दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करावी लागते. आम्ही ती तीन वेळा केली. फवारणीच्या वेळी कुत्रा, मांजर, लहान मुले आणि माशांची टाकी यांना तेथून दूर ठेवावे आणि जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत आणू नये. परमेथ्रिन आणि त्याच्या जातीची औषधे मांजराला प्राणघातक ठरू शकतात, त्यामुळे ज्या घरात मांजरही आहे तेथे कुत्र्याच्या मानेवर घालायचे परमेथ्रिनचे थेंबसुद्धा पशुवैद्यकाला विचारूनच वापरावेत.

पहिल्या फवारणीनंतर बाराव्या दिवशी पडवीच्या भिंतीवर मिरपूड शिंपडावी तसे शेकडो बारीक ठिपके हलताना दिसले. उरलेली अंडी फुटली होती. अशा वेळी झाडू मारला तर ती पिल्ले घरभर पसरतात. रुंद चिकटपट्टी भिंतीवर दाबून उचलली की ती पट्टीलाच चिकटून येतात, आणि पट्टी दुमडून टाकून देता येते. हे पाहून फवारणी वाया गेली असे समजू नये आणि मध्येच सोडूही नये. चक्रच तीन महिन्यांचे असल्यामुळे उपायही सलग तीन महिने चालू ठेवावे लागतात, यापेक्षा लवकर निकाल मिळत नाही.

जे उपाय गोचिडीपेक्षा घातक आहेत

चिडून, घाईने केलेल्या उपायांनी गोचिडींपेक्षा जास्त कुत्री आजारी पडताना मी पाहिली आहेत, म्हणून हा भाग मी टाळू शकत नाही. अंगाला रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल चोळणे ही आपल्या गावांतली सर्रास पद्धत आहे. त्याने त्वचा भाजते, आणि कुत्रा ते चाटतो तेव्हा ते पोटात व श्वासावाटे फुप्फुसांत जाते. शेतातल्या फवारणीचे औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला धुणे याहून वाईट; तोंडाला लाळ, अंगाला थरथर, उलट्या आणि श्वास लागणे ही त्या विषबाधेची लक्षणे आहेत, आणि ती दिसताच अंग साध्या साबणाने भरपूर पाण्याखाली धुऊन औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठावा, कारण कोणते औषध होते हे कळल्यावरच योग्य उतारा देता येतो. कुत्र्याच्या अंथरुणाखाली डांबर गोळ्या किंवा कापूर ठेवण्याचा सल्लाही अनेक जण प्रेमाने देतात. दोन्ही वस्तू कुत्र्याच्या पोटात गेल्यास विषारी आहेत.

गुरांसाठी वापरायची अमिट्राझ किंवा डेल्टामेथ्रिनची द्रावणे कुत्र्यावर वापरली जातात. त्यांचे प्रमाण पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय, आणि पिल्लांवर, गाभण कुत्रीवर किंवा अंगाला जखमा असताना ती वापरू नयेत. "इंजेक्शन मारले की गोचिडी झडतात" म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याचा आग्रह होतो. त्याचा गोचिडींवर भरवशाचा परिणाम होत नाही, आणि कोली व तत्सम मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांना ते आनुवंशिक कारणामुळे प्राणघातक ठरू शकते. कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या तेलाने फार तर थोडा वेळ गोचीड दूर राहील, पण घरात अंडी असताना त्यावर विसंबून राहण्यासारखे ते नाही.

अंगावरची गोचीड काढताना टोकदार चिमटा त्वचेला अगदी लागून, गोचिडीच्या तोंडाशी धरावा आणि पीळ न देता एकसारख्या जोराने सरळ ओढावे. आगपेटीची काडी लावू नये, पोट दाबू नये, नखाने चिरडू नये. त्या रक्तातले जंतू आपल्या बोटांवरच्या चिरेतून शरीरात जाऊ शकतात. तोंडाचा बारीक काळा ठिपका त्वचेत राहिला तर खोदकाम करू नये, तो काही दिवसांत आपोआप पडतो. रोजची तपासणी जेवणानंतर, कुत्रा शांत असताना करावी: कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, पापण्यांच्या कडा, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालचा भाग. पंजाच्या बेचक्या मैनेला आवडत नाहीत, म्हणून तेथे मी शेवटी जातो आणि नंतर तिला शेंगदाण्याएवढा गुळाचा खडा नव्हे, तर उकडलेल्या अंड्याचा तुकडा देतो.

ताप आलाच तर

एहरलिशिया हा गोचीडतापाचा नेहमीचा जंतू गोचीड चावल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतो, म्हणून गोळी चालू असतानाही आजार होतो, आणि म्हणूनच घरातली संख्या कमी करणे इतके महत्त्वाचे आहे. लक्षणे एक ते तीन आठवड्यांनी दिसतात: अंग तापणे, खाणे सोडणे, जिना चढायला नकार, हिरड्या फिकट पडणे, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त. लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर बबेशिया या दुसऱ्या परजीवीची शंका घ्यावी लागते, आणि त्याची औषधे वेगळी असतात. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी तापावर म्हणून देऊ नये. प्लेटलेट कमी असताना आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

एहरलिशियावर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस दिले जाते. कुत्रा तिसऱ्या-चौथ्या दिवशी खायला लागतो, आठव्या दिवशी अंगणात पळतो, आणि मालक गोळ्या थांबवतो. ताप "उलटला" असे ज्याला म्हणतात ते पुष्कळदा येथूनच सुरू होते. पहिल्या वर्षी आम्ही अकराव्या दिवशी थांबवल्या होत्या. गोळी जेवणासोबत द्यावी, नाहीतर उलटी होते, आणि तिच्याबरोबर दूध देऊ नये. एकदा होऊन गेलेल्या आजाराने पुढचे संरक्षण मिळत नाही, आणि दरवर्षी टोचली जाणारी नऊ आजारांची लस गोचीडतापासाठी नसते. उपचारानंतर काही महिन्यांनी पट्टीची चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर लगेच घाबरू नये. ती चाचणी रक्तातील प्रतिपिंडे दाखवते आणि ती आजार बरा झाल्यावरही दीर्घकाळ राहतात. प्लेटलेटचा आकडा आणि कुत्र्याची तब्येत यांच्या जोडीने पशुवैद्यकच तिचा अर्थ लावू शकतो.

या वर्षी मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत वहीत एकूण सहा नोंदी झाल्या, सहाही चपट्या गोचिडींच्या. त्यांतल्या चार एकाच आठवड्यातल्या आहेत: आम्ही लग्नासाठी चार दिवस बाहेर होतो आणि मैनेला कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी ठेवले होते. आता ती अशा मुक्कामावरून परत आली की पडवीची पायरी चढण्याआधीच अंगणात पांढऱ्या चादरीवर तिला उभी करून फणी फिरवतो, चादर तेथेच गरम पाण्याच्या बादलीत बुडवतो, आणि पुढचे तीन दिवस चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात रात्री बॅटरी मारून पाहतो.